चाहुआचं काळं नाव

रंग अजून ओला होता. तान दोंगयिंगने बोट लावून पाहिलं, तर बोटाचं टोक काळं झालं.

ती टेकडीवर आली होती गवत कापायला. छिंगमिंगच्या, पितरांच्या सणाला मुलाने थडग्याभोवतीचं गवत कापलं होतं, पण वरवर. मुळाशी कोयता लावायचा तर कंबर वाकवावी लागते, ते कुणाला नको असतं. उद्या मुलगी येणार, म्हणून दोंगयिंग स्वतः आली. सणाच्या दिवशी पाऊस होता, म्हणून दगडावरच्या अक्षरांत रंग भरायचं काम तेवढं राहिलं होतं. ते आज सकाळी छंगये करून गेला. लाल रंगाचा नवा डबा तिने स्वतः त्याच्या हातात दिला होता आणि काय करायचं ते स्पष्ट सांगितलं होतं. "करतो आई," असं तो म्हणाला होता.

दगडाच्या मधोमध नवऱ्याचं नाव होतं, श्याव शिगेन. बाजूला बारीक अक्षरांत घरच्यांची नावं. त्या मुलखातली रीत अशी की जिवंत माणसाच्या नावात लाल रंग भरायचा, गेलेल्याच्या नावात काळा. बायको दोंगयिंग, लाल. मुलगा छंगये, लाल. थोरली लियनहुआ, तीही लाल. सगळ्यांत शेवटी धाकटी मुलगी, श्याव चाहुआ. काळी. आजच्या ताज्या, चकचकीत काळ्या रंगात.

आणि उद्या दुपारी अमेरिकेहून येणार होती ती हीच चाहुआ. दोन पायांवर चालत येणार होती.

दोंगयिंगला वाचता येत नाही. पण ते शेवटचं नाव दगडावर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे तिच्या हाताला माहीत होतं. तिने बोट गवताला पुसलं. मग उरलेलं गवत मुळापासून कापलं, कारण आलोच आहोत तर काम अर्धं टाकायचं नाही, आणि कोयता कमरेला खोचून खाली उतरली. उतरताना तिच्या तोंडून शिव्या येत होत्या. वाटेत भेटलेल्या शेळीवाल्याने विचारलं, "कुणाला देतेस गं?" ती म्हणाली, "ज्याची त्याला पोचेल."

दोंगयिंग या शांगथांग गावात लग्न होऊन आली, तेव्हापासून नदीकाठच्या वीटभट्टीवर कावड वाहायची. ओल्या विटा वाहणं हे ताकदीपेक्षा पावलांचं काम आहे. कावड डोलली की विटा मुडपतात आणि मुडपलेली वीट बाद. दोंगयिंग गुडघे जरा वाकवून, पाय जमिनीपासून फार न उचलता चालायची, खांदा हलू द्यायची नाही. तिच्या टोपल्यांतल्या विटा बाद व्हायच्या नाहीत. पुरुषांच्या व्हायच्या. गुडघे गेले तोपर्यंत तिने ते काम केलं. भट्टीवर तिला कुणी आळशी म्हणालं नाही आणि घरात कुणी तिला काही विचारलं नाही.

चाहुआ झाली तेव्हा टेकडीवर चहातेलाची झुडपं पांढऱ्या फुलांनी भरली होती, त्यावरून तिचं नाव, चाहुआ म्हणजे चहाचं फूल. थोरली मुलगी होतीच. दुसरीही मुलगीच झाली आणि तिसऱ्याला सरकारची परवानगी नव्हती. ज्या घरात जास्तीचं मूल सापडे त्या घराची कौलं उतरवली जात, डुक्कर हाकून नेलं जात. नवऱ्याचा थोरला भाऊ श्याव शिछांग तेव्हा गावाच्या गटाचा प्रमुख होता. आपल्या गटात एकही जास्तीचं मूल नाही, हे सांगण्यात त्याची छाती फुगायची. घराण्याला मुलगा पाहिजे, हेही त्याचंच म्हणणं. दोन्ही म्हणणी एका घरात बसवायची तर एक पोर कमी करायला हवं होतं.

नोंद झाली असती तर मुलाची जागा गेली असती, म्हणून हिवाळाभर दोंगयिंगने चाहुआला गोठ्यावरच्या माळ्यावर पेंढ्यात लपवलं. पोरगी शहाणी, रडायचीसुद्धा बेताने. एका दिवशी दोंगयिंग भट्टीवरून परतली तर माळा रिकामा. सासू म्हणाली, "ताप आला. गेली." दोंगयिंगने विचारलं, "कुठे पुरलं?" सासू म्हणाली, "तान्ह्या पोराचं असं विचारत नाहीत."

सकाळी ती पोरगी पोट भरून प्यायली होती. तिला ताप नव्हता. आणि दोंगयिंगच्या जुन्या कावडीची एक टोपली घरात नव्हती. टोपल्या जोडीने असतात. मेलेल्या पोराला कुणी टोपलीत घालून नेत नाही.

नवरा मान खाली घालून बसला होता. तिने टोपली शोधली. तालुक्याच्या बाजाराच्या फाटकाशी भाजी विकणाऱ्या बायका म्हणाल्या, हो, टोपली होती, आत पोर होतं, कुणीतरी अनाथ मुलांच्या संस्थेत नेलं. ती संस्थेच्या दारावर गेली. दारवान म्हणाला, असं पोर इथे नाही. ती पुन्हा गेली. पुन्हा नाही. मग कुणीतरी सांगितलं की तिथल्या मुली विमानात बसवून परदेशी पाठवतात. गावात सगळ्यांना माहीत होतं की चाहुआ तापाने गेली. म्हणजे सगळ्यांना सांगितलं होतं. बायका दोंगयिंगला धीर द्यायला आल्या, तेव्हा शिछांग दारात उभा राहून प्रत्येकीला म्हणत होता, "जे नशिबात होतं."

दोन वर्षांनी छंगये झाला. शिछांगने फटाके वाजवले.

शिगेन मरताना तेवढं एक बोलला. "दादाने नेली. जिवंत होती. दगडावर तिचं नाव घाला." दगड घडवायची वेळ आली तेव्हा शिछांग म्हणाला, मेलेल्या पोरीचं नाव कुणी घालत नाही, फारच हट्ट असेल तर घाला, पण काळं. दोंगयिंग कबूल झाली. तिने मनात हिशेब केला होता की दगडात खोदलेलं पुसता येत नाही, रंग मात्र कधीही बदलता येतो. दगड वर नेताना वाटेत एक माणूस बसला, तेव्हा त्याच्या जागी हिने खांदा दिला. त्यानंतर दर छिंगमिंगला छंगये दोन डबे घेऊन बसायचा आणि शेवटचं नाव काळ्याने भरायचा. रंगाचं काम मुलाचं. बायकांनी दगडाला हात लावायचा नसतो. ती मागे उभी राहून बघायची.

दोनेक वर्षांपूर्वी तालुक्याच्या बाजारात काही तरुण मुली टेबल मांडून बसल्या होत्या. चेहरे इथलेच, पण बसण्याची तऱ्हा परकी, पाय पसरून. सगळ्या त्याच संस्थेतून तान्हेपणी परदेशी गेलेल्या, कुणी अमेरिकेत वाढलेली, कुणी स्वीडनमध्ये. संस्थेने प्रत्येकीला एकच आडनाव दिलं होतं, 'कुओ'. कुओ म्हणजे देश. ज्या देशाने ठेवून घेतलं नाही त्याचंच आडनाव. मोठ्या झाल्यावर या मुलींनी एकमेकींना हुडकून काढलं आणि आता त्या स्वतःला 'कुओ बहिणी' म्हणवत होत्या. एकीला आई सापडली की बाकीच्या आपापल्या घरी बसून रडायच्या, आनंदाने की कशाने ते त्यांनाही सांगता यायचं नाही. बाजारात त्या आया शोधत होत्या. नळीत थुंकी घ्यायची, ती तपासायची, कुणाशी रक्त जुळतं ते पाहायचं.

बाया लांब उभ्या होत्या. कुणी कोथिंबीर निवडल्यासारखं करत होती, कुणी छत्री आड धरून. पुढे कोण जाणार? पुढे जाणं म्हणजे कबूल करणं. दोंगयिंग गर्दी सारत पुढे गेली. टेबलाशी मारित नावाची मुलगी होती, हॉलंडमध्ये वाढलेली. तिने इथली भाषा मुद्दाम शिकून घेतली होती.

"मावशी, इथे थुंका. या खुणेपर्यंत."

"एवढीशीच?" दोंगयिंग म्हणाली. "मी बादली भरून थुंकायला तयार आहे. कुणावर थुंकायचं तेवढं सांग."

मारित इतकी हसली की नळी हातातून पडली, नवी काढावी लागली. त्यानंतर दोघींची गट्टी जमली. पुढच्या वर्षी मारितनेच फोन केला. जुळलं होतं. मिनेसोटात टेसा नावाची एक मुलगी होती.

हे सगळं ठाऊक असून छंगयेने आज काळा रंग भरला होता.

दोंगयिंग खाली आली तेव्हा घराण्याच्या देवळासमोर शिडी लावली होती. शिडीवर छंगये, खाली शिछांग हात मागे बांधून. आता तो देवळाच्या जीर्णोद्धार समितीचा प्रमुख होता. दोघे मिळून दाराच्या वर लाल कापड बांधत होते. त्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत काहीतरी होतं.

"काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"श्याव घराण्याची लेक चाहुआ, तुझं स्वागत," शिछांग म्हणाला. "डावीकडून ओढ रे. लोंबतंय."

"भावजी, कापड लाल का आणलंत?"

"मग काय पांढरं आणू? कुणी मेलंय का?"

"तेच विचारतेय. टेकडीवर ती आजच मेली. रंग वाळलेलासुद्धा नाही."

शिडीवर छंगयेचे हात थांबले. शिछांगने आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल, दोंगयिंग."

"का हळू? छंगये, खाली उतर. तुला मी डबा कुठला दिला होता?"

"लाल."

"मग?"

"काका वर आले होते, आई. त्यांनी दुसरा डबा हातात दिला. मी काय करणार?"

"टाकून द्यायचा. हाताला काय झालं होतं तुझ्या? लकवा?"

"त्याला बोलू नकोस," शिछांग म्हणाला. "मी सांगितलं त्याला. विचार कर जरा. रंग बदलला की गाव विचारणार, इतकी वर्षं काळा का होता. उद्या तालुक्याहून बातमीवाले येतायत. त्यांना काय सांगणार आहेस?"

"जे झालं ते."

"काय झालं? पोरगी चांगल्या घरी गेली, शिकली, विमानाने परत येतेय. हे झालं. बाकीचं कशाला उकरायचं? तिला टेकडीवर न्यायचंच नाही. वाट घसरडी आहे म्हणायचं. जेवण, फटाके, फोटो, झालं."

"म्हणजे कापडावर जिवंत आणि दगडावर मेलेली."

"कापड परवा उतरवायचं आहे," शिछांग म्हणाला. "दगड राहणार आहे. उगाच त्याला हात लावू नकोस. बायकांचं काम नाही ते."

 आयुष्यभर दोंगयिंगला कामं सांगितली होती ती याच माणसाने. बायकांचं काम नाही, असं भट्टीवर कधी म्हणाला नव्हता.

ती घरी गेली आणि माळ्यावरून भट्टीच्या दिवसांतलं पोतं काढलं. त्यात साच्याला चिकटलेली माती खरवडायची चपटी छिन्नी होती आणि तारेचा ब्रश. लाल डबा चुलीजवळ पडला होता, थोडासाच वापरलेला. छंगयेने तो परत आणून ठेवला होता, म्हणजे निदान लाज तरी वाटली होती. तिने सगळं पोत्यात घातलं.

टेसा आली. मोठी, रुंद खांद्यांची, आखूड केसांची. बरोबर मारित. फटाक्यांच्या धुरात कुणाला काही दिसेना. शेजारणी मोठ्याने रडायला लागल्या. ज्या बाया पूर्वी धीर द्यायला आल्या होत्या, त्यांतल्या दोघी तर पुढे होऊन टेसाच्या गळ्यात पडल्या. तिला त्यांच्यातून सोडवून मारितने दोंगयिंगसमोर आणलं. दोंगयिंगला वाटलं होतं आपण रडू. ती रडली नाही. तिने मुलीच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून दाबून पाहिलं, कावड घेणाऱ्या माणसाचे पाहतात तसे.

"खांदे माझे आहेत," ती म्हणाली.

मारितने सांगितलं. टेसा काहीतरी म्हणाली. मारित म्हणाली, "ती म्हणते, शाळेत मुलं चिडवायची. तुला पोहायला घेऊ की ओझी उचलायला, असं विचारायची."

"सांग तिला, ओझी मी उचलली. तिने पोहावं."

देवळात टेबलं मांडली होती. धुरावलेलं डुकराचं मांस, लाल मिरचीत शिजवलेला मासा, टोफू, छिंगमिंगच्या हिरव्या भाताच्या वड्या, तांदळाची दारू. बातमीवाला एक पोरगा कॅमेरा घेऊन फिरत होता. टेसा चमचा न मागता काड्यांनी खात होती. तिच्या हातातली काडी दोंगयिंग बघत होती. फार वर धरायची, थोरली लियनहुआ धरते तशी. सासू म्हणायची, वर धरणाऱ्या मुली लांब जातात. थोरली कारखान्यात राबायला हजार मैलांवर गेली आणि ही त्याहून लांब. त्यात काड्यांचा काय दोष?

शिछांग पेला घेऊन उभा राहिला.

"पोरी, नशीब काढलंस! इथे राहिली असतीस तर जन्मभर विटा वाहिल्या असत्यास. अमेरिका पाहिलीस. घराण्याने तुला जड मनाने दूर केलं, पण तुझ्या भल्यासाठीच."

मारितने टेसाला दोनच शब्द सांगितले. शिछांग म्हणाला, "सगळं सांग ना तिला."

"तुम्ही तिला तब्येतीच्या शुभेच्छा दिल्या असं सांगितलं," मारित म्हणाली.

"एवढं बोललो आणि एवढंच?"

"काका, हे वाक्य तिने आधी ऐकलंय. आम्ही सगळ्यांनीच ऐकलंय. विमानात शेजारी बसलेला माणूस म्हणतो, दात काढणारा डॉक्टर म्हणतो. नशीबवान. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर ते सांगते."

टेसाने मारितच्या दंडाला हात लावला आणि विचारलं, काय चाललंय. मग मारितने खरं ते सांगितलं, शब्दाला शब्द. टेसाने काड्या खाली ठेवल्या. हळूहळू, शब्द जुळवत ती म्हणाली, "विटा. कोणी?"

शिछांगने पेला रिकामा केला.

"मी," दोंगयिंग म्हणाली.

मग टेसाने ते वाक्य म्हटलं जे ती बहुधा महिनोन् महिने घोकत आली होती, कारण त्यातला एकही सूर चुकला नाही. "बाबा कुठे आहेत?"

"अरे, ती वाट फार वाईट," शिछांग लगेच म्हणाला. "चिखल. परदेशी बूट आहेत तिचे. इथेच पूर्वजांच्या पाटीपुढे उदबत्ती लावू, तीच पोचते. कॅमेरा इकडे घे रे."

दोंगयिंग उठली. टेबलाखालून तिने पोतं काढलं.

"त्या वाटेने दगड गेला," ती म्हणाली. "माझ्या खांद्यावरून गेला. माणूस जाईल. चल, चाहुआ."

दोन दिवस गाव ते नाव घेत होतं, कापडावर लिहीत होतं. पण तिला उद्देशून, समोरासमोर, आजवर ते कुणी घेतलं नव्हतं. टेसा उठली. मारित उठली. बातमीवाला पोरगाही उठायला लागला तर शिछांगने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि ताटात मासा वाढला.

वाट कोरडी होती.

टेकडीवर दोंगयिंग थडग्यापासून बाजूला झाली आणि त्या दोघींना पुढे जाऊ दिलं. टेसाने आधी वाकून नमस्कार केला, कसा करायचा ते शिकून आली होती. मग मारित दगड वाचायला लागली, बोट फिरवत. बाबांचं नाव. आईचं. भावाचं. बहिणीचं. शेवटच्या नावाशी बोट थांबलं. मारितला रंगांची रीत माहीत होती.

"मावशी," ती म्हणाली, "हे काळं का आहे?"

"विचारलंस ते बरं केलंस. तिला सगळं सांग. काही गाळू नकोस."

आणि दोंगयिंगने सांगितलं. माळा, टोपली, सासूचं बोलणं, दारवान, शिगेनचे शेवटचे शब्द. आपण काळ्या रंगाला कबूल झालो, तेही सांगितलं. मारित भाषांतर करत होती. टेसा दगडाकडे बघत होती. मागून पावलं वाजली. छंगये आला होता, धापा टाकत, हातात उदबत्त्यांचा जुडगा.

टेसाने वळून त्याच्याकडे पाहिलं. मारितमार्फत विचारलं, "रंग कोण भरतं?"

"मी," छंगये म्हणाला. "दरवर्षी."

"या वर्षी?"

"मीच."

"मी जिवंत आहे हे तुला माहीत होतं?"

छंगयेने उदबत्त्या या हातातून त्या हातात घेतल्या. "माहीत होतं," तो म्हणाला.

टेसा इंग्रजीत भराभर बरंच काही बोलली. मारितने ते सांगितलं नाही.

"सांग," दोंगयिंग म्हणाली. "शिव्या असल्या तरी सांग. मला ऐकायच्या आहेत."

"शिव्या आहेत थोड्या. आणि ती म्हणते, तिकडे तिला लहानपणापासून सांगितलं की तुम्ही दोघं बहुतेक मेला असाल. झोपताना ती तुमच्यासाठी प्रार्थना करायची, मेलेल्यांसाठी करतात ती."

दोंगयिंगने हिशेब लावला. म्हणजे इकडे हिला मारलं होतं आणि तिकडे मला. मधल्या लोकांनी दोन्हीकडे एकच गोष्ट सांगितली आणि दोन्हीकडून आभार घेतले. ती दगडासमोर बसली, पोतं उघडलं आणि छिन्नी काढली.

"आई, दे, मी लाल मारतो वरून," छंगये म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

"पाच मिनिटांचंच करायचं होतं तर काल करायचंस. काळ्यावर लाल मारला की कलेजीसारखा रंग येतो, आणि पुढल्या वर्षी काळं पुन्हा वर येतं. खाली दगड दिसेपर्यंत खरवडायचं. कोपऱ्यांतसुद्धा."

तिने छिन्नी अक्षराच्या खाचेत घातली. कालचा थर चिकट होता, त्याखालचे जुने वाळलेले पापुद्रे निघत होते, एकाखाली एक. छंगये तारेचा ब्रश घेऊन तिच्याशेजारी बसला.

निम्मं झालं असेल तेव्हा शिछांग पोचला. त्याला दम लागला होता. "थांबवा! काय करताय हे? खाली पाहुणे जेवतायत!"

"जेवू द्या," दोंगयिंगने मान वर केली नाही. "त्यांच्या डोक्यावर तिचं नाव लाल कापडावर आहे. तेच इथे लाल होतंय. यात पाहुण्यांना काय अडचण?"

"लोक बोलतील मला."

"तुम्हालाच बोलायला हवं."

"मी कुणासाठी केलं ते?" शिछांगचा आवाज चढला. "माझ्या घरी काय आलं? हा, हा तुझा छंगये, हा जन्मला कशामुळे? ती राहिली असती तर हा नसता. विचार त्याला, त्याला काय वाटतं."

छंगयेचा ब्रश थांबला. दोंगयिंगने त्याच्याकडे पाहिलं नाही. या प्रश्नाला त्याच्या जागी बसून ती उत्तर देणार नव्हती. तो काकाकडे बघत होता, मग टेसाकडे. मग तो दगडावर थुंकला, जिथे पापुद्रा अडून बसला होता तिथे, आणि दुप्पट जोराने घासायला लागला.

"माझी टोपली तेवढी परत करा," दोंगयिंग म्हणाली. "जोडीतली एक घरी आहे अजून."

शिछांग तिथे उभा राहिला. त्याला वाटलं असावं, कुणीतरी त्याला बसा म्हणेल. कुणी म्हणालं नाही. शेवटी तो वाटेने खाली गेला, आणि उतरताना तोल जाऊ नये म्हणून झुडपांना धरत गेला.

दगड पांढरा झाल्यावर दोंगयिंगने लाल डबा उघडून टेसाच्या हातात दिला. टेसाला ती अक्षरं वाचता येत नव्हती, दोंगयिंगलाही नाही. मारित दोघींच्या मागे उभी राहून सांगत होती, "वरून खाली. आता डावीकडे. नाही, आधी आडवी रेघ." रंग खाचेबाहेर गेला. दोंगयिंगने तो अंगठ्याने पुसला. "कडेला जातोय. कमी घे. परत." दुसऱ्यांदाही गेला. "परत," ती म्हणाली. टेसा हसली, पण परत केलं. तिसऱ्यांदा रेघ सरळ आली, तेव्हा दोंगयिंगने नुसती मान हलवली. त्याहून मोठी शाबासकी तिने भट्टीवर कुणाला दिली नव्हती.

उन्हात चारही नावं एकसारखी लाल झाली. छंगयेने उदबत्त्या लावल्या.

मारित डब्याचं झाकण बसवत होती, बोटांनी दाबून दाबून, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"तुझं नाव काय?" दोंगयिंगने तिला विचारलं. "इथलं."

"संस्थेने दिलेलं एक आहे. हॉलंडच्या घरचं एक. इथलं माहीत नाही, मावशी. माझं कुठल्या दगडावर आहे की नाही, लाल आहे की काळं, मला काहीच माहीत नाही."

दोंगयिंगने छिन्नीला लागलेला रंग गवताने पुसला, धार बोटाने तपासली आणि ती पोत्यात न ठेवता मारितच्या हातात दिली.

"ही ठेव. सापडलं आणि काळं असलं तर मला बोलव. तू एकटी घाई करशील आणि कोपरे राहतील."

मग ती चाहुआच्या रुंद खांद्याला धरून उठली, कारण गुडघे आता आपले आपण सरळ होत नव्हते, आणि चौघं खाली उतरले. देवळाच्या दारावर कापड तसंच होतं. डावीकडून लोंबत होतं.